थायरॉईडवाल्या डॉक्टर मॅडम, मनापासून थँक्यू

मॅडम, तुम्हाला मी बहुतेक आठवणारही नाही, रोज किती पेशंट बघता, पण मला तो दिवस पक्का लक्षात आहे. माझा गळा समोरून चांगला फुगलेला, फोटो काढताना मी हनुवटी खाली घालायचे, आणि धाकट्या बहिणीचा गळा एकदम सपाट, तरी थायरॉईडच्या रक्ततपासणीत तिचा टीएसएच ३८, म्हणजे खूपच जास्त, आणि माझा २.१, अगदी नॉर्मल! मला वाटलं रिपोर्टची अदलाबदल झाली असणार. म्हणून कोणालाही न विचारता तिच्याच थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉईड हार्मोनच्या, गोळ्या महिनाभर घेतल्या, मग छातीत धडधड, हात थरथरणं, रात्र रात्र झोप नाही, तेव्हा कुठे तुमच्याकडे आले.

तुम्ही ओरडला नाहीत. मागे उभं राहून बोटं गळ्यावर ठेवलीत, हातात पाण्याचा ग्लास दिलात आणि म्हणालात, "घोट घ्या, आता गिळा." गाठ तुमच्या बोटांखालून वर सरकली ती मलाही जाणवली. मग कागदावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी काढलीत, तिथून गळ्याकडे एक बाण. थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि त्या रेट्याने गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मोठी होऊ शकते, आयोडीन कमी पडलं तरी हेच होतं. ग्रेव्हज आजारात अँटिबॉडीज टीएसएचचीच जागा घेऊन ग्रंथीला पळवतात, तिथे गळाही फुगतो आणि हार्मोनही जास्त. आणि माझ्यासारख्यांच्या ग्रंथीत नुसत्या गाठी, हार्मोन अगदी नॉर्मल. म्हणजे गळा किती फुगलाय यावरून हार्मोन किती आहे ते कळतच नाही, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं हो!

गोळ्या बंद केल्या तेव्हा टीएसएच ०.१ पर्यंत खाली गेला होता, दोन महिन्यांनी १.९ आला. गाठीतून सुईने काढलेल्या नमुन्याच्या तपासणीत कॅन्सर नाही निघाला, तो रिपोर्ट तुम्ही स्वतः फोन करून सांगितलात, मी तिथेच रडले.

बहिणीकडूनही थँक्यू. तिला हाशिमोटो, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करतं तो आजार, आहे हे तुमच्यामुळेच कळलं, आता ती गोळी उपाशीपोटी घेते आणि लोहाची गोळी चार तासांनी, आधी दोन्ही एकदम घ्यायची म्हणून तर डोस लागूच पडत नव्हता.

तो चित्राचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय. पुढच्या महिन्यात सोनोग्राफीला येते, तेव्हा दाखवते.