बुखारेस्टहून, बाबांच्या प्रश्नाबद्दल

14 ऑक्टोबर, रविवार

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथला लाल बावटा उतरला, मग माणसं सुखी झाली का?" मी कामात होते, उडवाउडवीचं उत्तर दिलं. उभं आयुष्य युनियनमध्ये घालवलेल्या माणसाला असं टोलवायला नको होतं. आज निवांत लिहिते.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यापाशी दर महिन्याला एक कागद लागतो. प्रत्येक फ्लॅटपुढे रकाने: माणसं किती, गार पाणी, गरम पाणी, हीटिंग, लिफ्ट, दुरुस्ती फंड आणि मागची बाकी. कुणी किती थकवलंय ते अख्ख्या जिन्याला दिसतं. सोलापुरात आपल्या सोसायटीत असं लावलं तर सेक्रेटरीची धडगत नाही! हिवाळ्यात हीटिंगचा रकाना बघायला माणसं दबकत येतात.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या तांती (म्हाताऱ्या बाईंना इथं अशी हाक मारतात, आपल्या मावशीसारखी) त्या कागदावर बोट फिरवत आपली ओळ शोधतात. बाबा, त्या तुमच्यासारख्याच कापडाच्या कारखान्यात होत्या, आणि त्यांचाही कारखाना बंदच पडला. फरक एवढाच की त्यांना घर राहिलं. 1990 नंतर सरकारनं हे फ्लॅट राहणाऱ्यांनाच किरकोळ किमतीत विकून टाकले. त्यामुळे इथं शंभरातली नव्वदहून जास्त माणसं स्वतःच्या घरात राहतात. मला आधी वाटलं, मग काय, चैनच की. पण घर गरम करायला पेन्शन पुरत नाही. तांतींच्या तीन खोल्या आहेत, त्यातल्या एकीतच त्या हिवाळा काढतात. बाकी दोघींचे रेडिएटर बंद. मुलगा इटलीत. गॅलरी काचा लावून बंद केलीय, आत बटाट्यांची पोती आणि बरण्या. आई, ती गॅलरी बघून तुला अजिबात परकं वाटणार नाही.

तुमचा प्रश्न मी त्यांनाच विचारला. आधी जुनं सांगत बसल्या. रोमानियाचा तेव्हाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू, त्याला परदेशी कर्ज फेडायचं होतं, म्हणून धान्य, मांस बाहेर जायचं आणि इथं साखर-तेल रेशनवर. टीव्ही दिवसाला दोन तास, त्यातही बराच वेळ तोच. कॉफी मिळेना तेव्हा दुकानात भलतीसलती धान्यं मिसळलेली पूड यायची. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'नेकेझोल', म्हणजे प्यायल्यावर घोड्यासारखं खिंकाळायला लावणारी. शिव्या देतानाही माणसं किती मजेशीर असतात! ते कर्ज 1989 साली फिटलं आणि त्याच डिसेंबरात लोकांनी त्याला घालवलं.

"मग आता बरं ना?" मी विचारलं.

म्हणाल्या, "तेव्हा थंडी सगळ्यांना वाजायची. आता मी दोन स्वेटर घालून बसते आणि वरचे टी-शर्टवर फिरतात."

बाबा, वरचे म्हणजे आम्हीच.

मी काही बोलले नाही. त्यांनाही टोमणा मारायचा नव्हता बहुतेक. लगेच उठून स्वयंपाकघरात गेल्या. या दिवसांत जिनाभर वांगी आणि लाल मिरच्या भाजल्याचा वास असतो. साल काढून, कांदा-टोमॅटो घालून, तेलात तासन्‌तास शिजवतात आणि हिवाळ्यासाठी भरून ठेवतात. झाकुस्का म्हणतात. आई, तुझ्या भरताची लांबची बहीणच म्हण, फक्त फोडणी विसरलेली. एक बरणी माझ्या हातात दिली.

आता बरणी रिकामी परत कशी करायची? तू दिलेली शेंगा चटणी तळाला आलीय, तरी अर्धी वाटी निघेल. लसणाचं यांना वावडं नाही, तिखटाचं बघू. या वेळी पाठवशील तेव्हा दोन पाकिटं जास्त पाठव, आणि एकात तिखट कमी घाल.

तुमची,
मनू