दिवाळीनंतर खाडीवर येताना

ऐरोली, नवी मुंबई
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय दोस्ता,

तुझी बदली ठाण्याला झाल्याचं कळल्यापासून घरात माझं एकच पालुपद चाललंय, आता खाडीवर यायला हक्काचा माणूस मिळाला. तू पाठवलेली सामानाची यादी दोनदा वाचली. १२ फुटी रॉड, त्यावर दोरी गुंडाळायचं ६००० नंबरचं रील, शंभर गळांचा डबा आणि आमिषाच्या रबरी माशांची पाकिटं. थांब. यातलं काहीही अजून घेऊ नकोस.

कृष्णेवर आणि ठाण्याच्या खाडीत, दोन्हीकडे चालेल असा एकच रॉड सांग, असं तू लिहिलंयस. रील एक चालेल. रॉड एक चालणार नाही. का ते नीट सांगतो, कारण पहिल्या दोन वर्षांत मी बरेच पैसे नको तिथे घातले आणि तुझे तसे जायला नकोत.

आपण कृष्णेच्या घाटावर बसायचो तेव्हा काय होतं आपल्याकडे? बांबूची काठी, तिच्याएवढाच नायलॉनचा तंगूस, मोराच्या पिसाच्या काडीचा तरंगा आणि गांडुळांचा डबा. तेवढ्यावर मासे मिळायचे, कारण ते पाणी आपल्या ओळखीचं होतं. डोह कुठे, खडक कुठे, सगळं पाठ. इथे पाणीच दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. सहा तास आत येतं, सहा तास बाहेर जातं. भरतीला जेट्टीच्या पायऱ्यांना लागलेलं पाणी ओहोटीला इतकं मागे हटतं की मध्ये नुसता चिखल आणि तिवरांची मुळं उरतात. त्या चिखलात उतरायचा विचारही करू नकोस, मांडीपर्यंत पाय रुततो. म्हणजे गळाला लागलेला मासा चिखलावरून, मुळांना चुकवत, उंच जेट्टीवर आणायचा. रॉड त्या कामासाठी घ्यायचा.

म्हणून खाडीसाठी ८ फुटी, मिडियम-हेवी ताकदीचा रॉड घे. हातात घेऊन बघशील तेव्हा मुठीच्या वरच्या भागावर बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, दोरी किती पौंडांची आणि किती ग्रॅम वजन फेकायचं. बाकी सगळी जाहिरात सोड, ते आकडे वाच. वजनाच्या जागी २० ते ६० ग्रॅमच्या आसपास काही असलं तर आपल्या कामाचा. १२ फुटी रॉड उघड्या किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडे फेकायला असतो. जेट्टीवर पाठीमागे माणसं, डोक्यावर दिव्याचा खांब, तिथे तो फिरवायलाही जागा नाही. मला एका दुकानात आग्रहाने तसाच रॉड दिला होता. तीनदा नेला, मग गावी पाठवून दिला.

कार्बन की फायबरग्लास? कार्बन हलका, मासा नुसता हुंगून गेला तरी हाताला कळतं. पण त्याला दगडाची एक टवकी बसली की पुढच्या ताणाला तो तिथेच मोडतो. ग्लास जड आणि सुस्त, पण आपटाआपटी सोसतो. खाडीचा पहिला रॉड ग्लासचा किंवा दोन्ही मिसळलेला घे. आणखी एक, हे अगदी गांभीर्याने घे. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या खाडीवरून उच्चदाबाच्या तारा जातात. त्यांच्याजवळ रॉड उंच धरायचा नाही, आणि आकाशात गडगडलं की रॉड आडवा ठेवून सरळ निघायचं.

आता रील. पैसे इथे घाल, रॉडवर दोन हजार कमी गेले तरी चालतील. ४००० नंबरचं स्पिनिंग रील, मीठपाण्यासाठी बनवलेलं, आत पाणी शिरू नये म्हणून सील लावलेलं. माझं पहिलं रील गोड्या पाण्याचं होतं. दिसायला देखणं, फिरायला लोण्यासारखं. तीन महिन्यांत बेलच्या, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या तारेच्या कडीच्या, टोकाची ती छोटी चाकी, जिच्यावरून दोरी आत वळते, ती मिठाने जाम झाली. चाकी फिरेना, तशी दोरी एकाच जागी घासू लागली आणि मला वाटत राहिलं की दोरीच वाईट आहे. दोन वेळा दोरी बदलली! रील उघडल्यावर आत हिरवट थर दिसला तेव्हा कळलं. म्हणून सांगतो, खाऱ्या पाण्याचं रील तू कृष्णेवर बिनधास्त ने, गोड्या पाण्याचं मात्र खाडीवर आणू नकोस.

घरी आल्यावर ड्रॅग, म्हणजे माशाने ओढल्यावर दोरी किती जोराला सुटेल ते ठरवणारी कळ, घट्ट कर, रील नळाच्या बारीक धारेखाली धर, पुसून सावलीत वाळव आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल कर. धार जोरात सोडलीस तर मीठ उलट आत ढकललं जातं. ड्रॅग सैल ठेवायचा कारण आतल्या चकत्या दाबून राहिल्या की ऐन वेळी दोरी धक्के खात सुटते. ड्रॅग किती आवळायचा, हे अंदाजाने ठरवू नकोस. दोरीला ताणकाटा बांध आणि ओढून बघ. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला ती सुटू लागली पाहिजे. ३० पौंडी दोरी म्हणजे साडेतेरा किलो, म्हणजे साधारण ३ किलोंवर.

दोरीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण माझा सर्वांत मोठा मासा दोरीने घालवला. रॉडने नाही, रीलने नाही.

खाडीत ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी लागते. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती कितीतरी बारीक असते, म्हणून ओढीचं पाणी तिला कमी ढकलतं आणि कमी शिशावर गळ जागेवर राहतो. शिवाय ती ताणत नाही, त्यामुळे चाळीस मीटरवर माशाने तोंड लावलं तरी बोटाला समजतं. पण घासलं की ब्रेडसारखं कमकुवत काही नाही. जेट्टीच्या खांबांवर कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी. मागच्या कार्तिकात दिवाळे गावाच्या बाजूला भरती संपता संपता माझ्या गळाला जिताडा लागला. एकदा पाण्याबाहेर उसळला, डोकं झाडलं, त्याची ती रुपेरी कूस मी बघितली. मग तो खांबाकडे वळला आणि हातातला भार एकदम गेला. मी ब्रेड थेट गळाला बांधली होती. जिताड्याच्या गालफडाच्या कडासुद्धा धारदार असतात, त्यामुळे तिथे कापली की कालवांवर ते आजही सांगता येत नाही. रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून ब्रेडच्या पुढे दोन हात ४० पौंडी फ्लोरोकार्बनची दोरी लावल्याशिवाय मी गळ टाकत नाही. दोन्हींना जोडायची एफजी गाठ मी तुला समोर बसून शिकवेन. ती कागदावर समजत नाही. रीलवर ब्रेड भरण्याआधी खाली साध्या तंगुसाचे थोडे वेढे दे, नाहीतर ब्रेड रीलच्या चकरीवरच गरगर फिरते.

जिताडा हा मासा दोन्ही पाण्यांचा, म्हणून तुला जास्त आवडेल. वीण खाडीच्या तोंडाशी, पिल्लं वर गोड्या पाण्यापर्यंत शिरतात, आणि आधी नर असलेला मासा मोठा झाल्यावर मादी होतो. अलिबागच्या खारेपाटात लोक घराजवळच्या तळ्यांत तो पोसतात. मोठा जिताडा म्हणजे बहुधा मादी, म्हणून मी तो मिळाला तरी सोडणार आहे. तुझं तू ठरव.

सोडायचा असेल तर गळ सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला घे. आपल्याला हिसका द्यायची सवय आहे, ती मोडावी लागेल. सर्कल हुकला हिसका दिलास तर तो रिकामा बाहेर येतो. नुसती दोरी ताठ करत रील फिरव, तो आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. आकड्यांचा घोळ लक्षात ठेव. ६ पेक्षा २ मोठा, २ पेक्षा १ मोठा, आणि पुढे १/० पासून आकडा वाढेल तसा गळ मोठा. खाडीला ३/० ते ५/०. शंभरांचा डबा नको, चांगल्या कंपनीचे दहा पुरेत. शिसं गोल नको, ओढीला लोळत जातं. चपटं घे. आमिष ताजी कोळंबी किंवा बोईट मासा.

कृष्णेसाठी वेगळा हिशेब. ७ फुटी मिडियम रॉड, १० ते १२ पौंडी साधा तंगूस, गळ ६ किंवा ४. इथे ब्रेड नको. रोहू-कटल्याचं तोंड मऊ असतं, न ताणणाऱ्या दोरीने गळ फाटून निघतो. तंगूस ताणतो तेच इथे उपयोगी. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तरंग्याखाली दोरी किती सोडायची ते त्यावरून ठरव. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड तुला मी काय सांगू. रील खाडीचंच लाव, जरा जड वाटेल. ठाण्यात तळी खूप आहेत, पण तळी-धरणांवरची मासेमारी बहुतेक ठेक्याने दिलेली असते. विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही.

रबरी माशांची घाई नको. तुला ते आवडतात हे मला माहीत आहे. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून मुलामा दिला. आपण बुचावर काय काय केलं ते आठवून मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. एखादा ९ सेंटिमीटरचा तसला मासा घे आणि तोच चालवायला शीक.

शिंगाळा लागला तर हाताने धरू नकोस. पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. लांब पक्कड हवीच. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. लांब दांड्याची जाळीही हवी, मासा रॉडने उचलायचा नसतो. आणि तुटलेला तंगूस खिशात. हिवाळ्यात इथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो येतात. २०१५ पासून खाडीचा एक पट्टा त्यांचं अभयारण्य आहे. एका पाणपक्ष्याच्या पायात गुंतलेला तंगूस मी पाहिलाय, तो पाय काळा पडला होता. अभयारण्याच्या हद्दीत आपण जायचं नाही, आणि जेट्टीवर कोळीवाड्यातल्या माणसांना विचारूनच बसायचं. त्यांचं पोट या पाण्यावर आहे.

तर आत्ता फक्त रील आणि ब्रेड घे. रॉड आपण इथे मिळून घेऊ, मूठ हातात धरल्याशिवाय घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी माझा ८ फुटी वापर.

दिवस मी ठरवलाय. तुळशीच्या लग्नाची द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आपल्याला पाऊणकी पाठ होतीच. बारा पाऊण नऊ. खाडीत आत थोडा उशीर धर. सकाळी साडेसहाला मी तुझ्या दारात असेन. कोळंबी मी आणतो, तू फक्त पायात जुने बूट घाल.

तुझा,
घाटावरचा जोडीदार