औषधफेरीच्या वेळी परिचारिकेला थांबवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या रुग्णालयांचे वॉर्ड डेंग्यूच्या रुग्णांनी भरू लागतात आणि खाटेखाटेशेजारी सलाईनचा स्टँड उभा राहतो. या दिवसांत रुग्णसंख्या, प्लेटलेट आणि डासांची पैदास यांच्या बातम्या नियमित येतात व त्या यायलाच हव्यात. मात्र त्या स्टँडवरच्या बाटलीतून रुग्णाच्या शिरेत काय जाते, किती वेगाने जाते आणि ते देणाऱ्या परिचारिकेला त्या वेळी किती निवांतपणा मिळतो, याची दखल घेतली जाते ती काही विपरीत घडल्यावरच, आणि मग बातमी एका परिचारिकेच्या निलंबनापाशी संपते. परिसेविका म्हणून अनेक वर्षे वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेली एक वाचक या नात्याने मला त्या बातमीच्या आधी काय काय घडलेले असते, त्याविषयी लिहायचे आहे.

डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाकडे औषधनिर्माता पाहतो, परिचारिका पाहते; परिचारिकेच्या हातून औषध रुग्णाच्या शरीरात गेले की त्यानंतर पाहणारे कोणीही उरत नाही. गोळी चुकली तर निदान काही मिनिटे हाताशी असतात. शिरेतून दिलेले औषध काही सेकंदांत हृदयापर्यंत पोहोचते आणि ते परत काढून घेता येत नाही. म्हणूनच योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून घोकून घेतले जातात, आणि ते पाठ नसलेली परिचारिका मला तरी भेटलेली नाही. अडचण ज्ञानाची फारशी नाही. हे पाचही नियम प्रत्येक रुग्णापाशी, प्रत्येक औषधासाठी पाळायला जी सलग एकाग्रता लागते, ती आपल्या वॉर्डांत कोणी तिला मिळू देत नाही.

सकाळच्या औषधफेरीचे चित्र पाहावे. ट्रॉलीवर औषधे काढलेली असतात, हातात अर्धी भरलेली सिरिंज असते आणि त्याच वेळी एका खाटेवरून ‘सिस्टर, सलाईन संपत आलंय’ अशी हाक येते, डिस्चार्जच्या बिलासाठी खालून फोन येतो, वॉर्डबॉय एक्स-रेचे कागद मागतो आणि डॉक्टर राउंडसाठी दारात उभे असतात. यांपैकी एकही काम बिनमहत्त्वाचे नाही. पण त्यांतले बहुतेक दहा मिनिटे थांबू शकते, औषध मोजणे तसे मध्येच सोडता येत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या कामाचे बारकाईने निरीक्षण करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. तिथल्या वॉर्डांत ही अवस्था असेल, तर एकेका खाटेभोवती चार-चार नातेवाईक असलेल्या आपल्या वॉर्डांविषयी वेगळे काय सांगावे?

चूक म्हणजे नेमके काय होते, हे वाचकांना बहुधा ठाऊक नसते, म्हणून थोडे तपशिलात लिहिते. पोटॅशियम क्लोराइड या क्षाराच्या १० मिलिलिटरच्या नेहमीच्या अँप्यूलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. ते सलाईनमध्ये मिसळून हळूहळू दिले तर रुग्णाला तारते, आणि तसेच थेट शिरेत गेले तर हृदय बंद पाडते. दिसायला ते स्वच्छ पाण्यासारखे, म्हणजे सुई धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सलाईनच्या वा डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखेच असते. दोन्ही एकाच ट्रेमध्ये, एकाच कप्प्यात, पहाटे चार वाजता मंद दिव्यात हाताला लागत असतील, तर दोष केवळ हात पुढे करणाऱ्या व्यक्तीचा आहे, असे मला म्हणवत नाही. टांगलेल्या बाटलीत पोटॅशियम घालून ती नीट उलटसुलट केली नाही, तर जड द्रावण तळाशी साचते आणि कागदावर अचूक असलेली मात्रा सुरुवातीलाच एकदम रुग्णाच्या शिरेत जाते, हेही नव्या मुलींना मुद्दाम दाखवावे लागते. असे तीव्र, म्हणजे पातळ न केलेले, पोटॅशियम सर्वसाधारण वॉर्डात ठेवूच नये, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच केलेली आहे.

इन्सुलिनची गोष्ट तर आपल्याच देशातली. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्या मिळतात आणि १०० युनिट असलेल्याही मिळतात. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, एकीचे टोपण लाल तर दुसरीचे केशरी. शंभरच्या बाटलीतले इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरले तर रुग्णाला दहाऐवजी २५ युनिट मिळतात आणि जेवणाचा डबा यायच्या आत तो घामाघूम होऊन शुद्ध हरपू शकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनच्याही ५ मिलिलिटरच्या दोन बाटल्या असतात, एकीत मिलिलिटरला १,००० युनिट तर दुसरीत ५,०००. गडबडीत आकडा न वाचता बाटली उचलली की मात्रा पाचपट. अशा औषधांसाठी दोघींनी तपासण्याचा नियम बहुतेक रुग्णालयांत कागदावर आहे. प्रत्यक्षात पहिली सिरिंज दाखवून ‘बरोबर आहे ना गं?’ म्हणते आणि दुसरी आपल्या कामातून मान वर न करता ‘हो’ म्हणते. दुसरीने मूळ आदेश वाचून, पहिलीचे उत्तर न ऐकता स्वतः हिशेब करायचा असतो. तरच त्या तपासणीला अर्थ आहे, आणि त्यासाठी दुसरी परिचारिका मोकळी असावी लागते.

औषधाइतकाच वेगही महत्त्वाचा असतो. आपल्याकडच्या साध्या आयव्ही सेटमधून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत द्यायची तर मिनिटाला सुमारे २१ थेंब आणि चार तासांत द्यायची तर सुमारे ४२ थेंब, हा हिशेब घड्याळ समोर धरून करावा लागतो, कारण रुग्णाने हात वळवला तरी थेंब बदलतात. डेंग्यूत तर हे फारच नाजूक असते. धोक्याची लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णाला सुरुवातीला तासाला किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर द्रव द्यावा लागतो आणि प्रकृती सुधारत गेली की पुढच्या काही तासांत तो टप्प्याटप्प्याने २ ते ३ मिलिलिटरवर आणावा लागतो. रक्तवाहिन्यांतून झिरपलेले पाणी एक-दोन दिवसांनी परत रक्तात येऊ लागते. त्या वेळी जुन्याच वेगाने सलाईन चालू राहिले तर ते फुप्फुसांत साचते आणि प्लेटलेट वाढत असलेला रुग्ण धापा टाकू लागतो. नाडी, रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) पुन्हा पुन्हा पाहून हा वेग बदलवून घेण्याचे काम परिचारिकेच्या नजरेवर अवलंबून असते.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंवर आघात करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची साथ आली, तेव्हा त्यावरच्या इम्युनोग्लोब्युलिन या प्रतिपिंडांच्या महागड्या इंजेक्शनांची चर्चा घराघरांत झाली. ते इंजेक्शन देणे म्हणजे काय, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. किलोमागे दिवसाला ०.४ ग्रॅम असे पाच दिवस द्यायचे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या द्रावणात ते जवळपास ४८० मिलिलिटर होते. सुरुवात तासाला साधारण ३० मिलिलिटरने करायची, थोड्या थोड्या वेळाने नाडी व रक्तदाब पाहत वेग वाढवायचा, थंडी वाजली किंवा डोके दुखू लागले तर लगेच थांबवायचे, बाटली हलवून फेस होऊ द्यायचा नाही आणि प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक नोंदवायचा. असे रुग्ण हाताळताना परिचारिका तासन्‌तास एकाच खाटेशी बांधली जाते, आणि तेवढा वेळ तिचे इतर रुग्ण कोणाकडे असतात, हा प्रश्न साथ ओसरल्यावर मागे पडला.

नातेवाइकांनाही एक विनंती आहे. सलाईन हळू चालले आहे म्हणून नळीवरची चाकी स्वतः फिरवू नये. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर रागावणेही मी सोडून दिले होते. तसेच ‘ताकदीसाठी एक बाटली लावा’ असा आग्रह धरू नये. डेक्स्ट्रोजच्या ५ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. साध्या सलाईनमध्ये तेवढीही नसते, फक्त साडेचार ग्रॅम मीठ असते. तोंडाने खाऊ-पिऊ शकणाऱ्या माणसाला त्यासाठी शिरेत सुई टोचून घेण्याचे, हात सुजण्याचे आणि जंतुसंसर्गाचे भय पत्करण्याचे कारण नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण संस्थांशी जोडलेल्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी ३० टक्के अधिक. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या मुली मी पाहिलेल्या आहेत आणि त्यांच्याकडून पाच नियमांची अपेक्षा ठेवताना मला संकोच वाटतो.

चूक झाल्यावर निलंबन हा व्यवस्थापनाला सोपा वाटणारा उपाय असतो. बेपर्वाई असेल तिथे शिक्षा व्हावीच. पण निलंबित मुलीच्या जागी दुसऱ्या दिवशी जी येते, तिच्यासमोरही तोच ट्रे, तोच कप्पा, तीच एकसारखी दिसणारी अँप्यूल असते. शिक्षेच्या भीतीने थोडक्यात टळलेल्या चुका कोणी सांगत नाही, आणि त्या कळल्या नाहीत तर कप्पा बदलायला हवा हे व्यवस्थापनाला समजणार कसे? नाव न घेता अशा चुकांची नोंद ठेवणारी वही प्रत्येक वॉर्डात असावी आणि महिन्यातून एकदा ती अधिसेविका (मेट्रन), औषधनिर्माता व डॉक्टर यांनी एकत्र बसून वाचावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार करतात. नूतनीकरणाच्या तपासणीत जागा, अग्निशमन आणि जैववैद्यकीय कचरा यांच्याबरोबर तीव्र पोटॅशियम वॉर्डात ठेवले आहे का, दोन तीव्रतेची हेपारिन आणि इन्सुलिन एकाच कप्प्यात आहेत का आणि रात्रपाळीला प्रत्यक्ष किती परिचारिका असतात, हेही विचारले जावे. रुग्णालयांनी स्वतःहून करण्यासारखी एक गोष्ट त्याहून सोपी आहे. अनेक ठिकाणी भेटीची वेळ आणि संध्याकाळची औषधफेरी एकमेकींवर येतात. औषधफेरीची वेळ दारावर ठळक लावून त्या अवधीत वॉर्डात भेटीस बंदी ठेवावी, वॉर्डचा फोन त्या वेळी परिचारिकेऐवजी दुसऱ्या कर्मचाऱ्याने घ्यावा आणि राउंड त्याआधी वा नंतर व्हावी. कमला नेहरू रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय यांनी डेंग्यूच्या या हंगामातच एखाद्या वॉर्डात हे सुरू करून, आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची तुलना जाहीर करावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका
कर्वेनगर, पुणे