फॉरमॅट न मारल्याबद्दल, दादा, तुमचे आभार

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

आप्पांचा जुना कॉम्प्युटर तुम्ही परत चालू करून दिलात, तेव्हा फोनवर आभार मानून झाले होते. पण तेवढ्यानं समाधान होईना. तुम्ही नेमकं काय केलंत हे इतरांनाही कळावं, कारण घरोघरी असे कॉम्प्युटर पडून आहेत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे येण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर एकच होतं: सिस्टिम फाइली उडाल्यात, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकावं लागेल. २०१० साली घेतलेला, विंडोज सेव्हनचा कॉम्प्युटर. सुरू होता होता निळा पडदा यायचा आणि पुन्हा रिस्टार्ट. विंडोजची स्वतःची दुरुस्तीची सोय, स्टार्टअप रिपेअर, तीही हात टेकायची. पण त्यात आप्पांनी माण तालुक्यातल्या आयाबायांकडून ऐकून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या. त्या काळचे हे फॉन्ट युनिकोडमधले, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच अक्षरं दाखवणाऱ्या पद्धतीतले, नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसला की ओवीच्या जागी नुसती अगम्य चिन्हं दिसतात. सॉफ्टवेअरची सीडी सापडत नव्हती, ते चालायला कॉम्प्युटरला जोडावं लागणारं हार्डवेअर लॉक तेवढं होतं. म्हणजे फॉरमॅट मारल्यावर फाइली हाती लागल्या असत्या तरी त्या उघडून आम्हाला काही कळलं नसतं.

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "ताई, दुसरीकडे कुठेच नाही असं यात काय आहे?" हा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता. माझे सगळ्यात जास्त आभार त्या प्रश्नाबद्दल आहेत. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

उत्तर ऐकल्यावर तुम्ही कॉम्प्युटर चालूच केला नाहीत. हार्ड डिस्क काढून तुमच्या लिनक्सच्या मशीनला जोडलीत आणि आधी तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचलीत. पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला स्वतःलाच नीट वाचता न आलेल्या जागा, बऱ्याच होत्या. तेव्हा मला कळलं की फाइली खराब झाल्या हे दुखणं वरवरचं होतं, खाली डिस्कच खचत चालली होती. अशा डिस्कवर घाईनं चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवलं तर ते तिला कानाकोपऱ्यापर्यंत राबवतं आणि उरलासुरला जीवही जाऊ शकतो, हे तुम्ही समजावून सांगितलंत. म्हणून आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामनं सगळी डिस्क नव्या एसएसडीवर उतरवलीत. पडायला आलेल्या घरातून हाताला लागेल ते सामान आधी बाहेर काढावं आणि अडकलेल्यासाठी मागाहून परत जावं, तसं ते काम करत होतं. चांगला भाग आधी, हट्टी सेक्टर नंतर, आणि कुठवर आलो याची नोंद वेगळ्या फाइलीत. आप्पांचं फोल्डर पूर्ण उतरलंय असं तुम्ही म्हणालात तेव्हा आई देवापाशी जाऊन बसली.

चेकडिस्क चालवलंत ते त्या प्रतीवर, मूळ डिस्कवर नाही. मग विंडोजच्या डीव्हीडीवरून बूट करून सिस्टिम फाइल चेकर, म्हणजे विंडोजच्या फाइली तपासणारं साधन. हे चेकर विंडोजच्याच विनएसएक्सएस फोल्डरातल्या साठ्यातून चांगली फाइल आणून बसवतं. साठ्यातलीच प्रत बिघडलेली असेल तर त्याचं काही चालत नाही. आमच्याकडे काही फाइलींचं तसंच झालं होतं. विंडोज उघडलं होतं, आम्ही तेवढ्यावरच खूश होतो, पण तुम्ही थांबला नाहीत. चेकर पुन्हा चालवून सीबीएसचा लॉग, म्हणजे काय दुरुस्त झालं आणि काय नाही याची विंडोजनं ठेवलेली नोंद, ओळ न् ओळ वाचलात. विंडोज एटपासून साठाच दुरुस्त करण्याची सोय डिझम या आज्ञेत आली, ती सेव्हनमध्ये नाही. म्हणून त्याच आवृत्तीच्या, त्याच ३२ बिटच्या दुसऱ्या विंडोज सेव्हनमधून एकेक फाइल आणून हातानं बसवलीत. हे कष्टाचं काम आहे आणि त्याला दाद देणारं माणूस बहुतेक वेळा समोर नसतं. मी होते, मी पाहिलं.

जाताना बिलासोबत एक कागद दिलात. कोणती फाइल खराब होती, कुठून आणून बसवली, सगळं तुमच्या अक्षरात. यूपीएसची बॅटरी बदला, हेही त्यातच. लाइट गेली की एनटीएफएसचं, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचं, जर्नल फाइलींचा हिशोब सांभाळतं, आतला मजकूर सांभाळेलच असं नाही, हे मला त्या कागदावरून कळलं. बॅटरी लगेच बदलली. नेटची केबलही काढून ठेवली आहे, कारण विंडोज सेव्हनला सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं.

आता श्रीलिपीतून युनिकोडमध्ये न्यायचं काम चाललंय. रफार आणि जोडाक्षरं अधूनमधून घसरतात. मी वाचून दाखवते आणि आई दुरुस्त करते, तिला बऱ्याच ओव्या तोंडपाठ आहेत. कुठे अडलं तर ती पुढची ओळ म्हणूनच दाखवते.

सगळ्याच्या दोन प्रती केल्या आहेत, एक माझ्याकडे आणि एक पुण्याला भावाकडे. तिसरी तुमच्याकडे ठेवाल का? आईची तशी इच्छा आहे. दिवाळीत वहिनींना आणि मुलांना घेऊन या, तेव्हा पेनड्राइव्ह तयार असेल.

तुमची,
दहिवडीच्या गुरुजींची मुलगी