गप्पी म्हणजे ऑस्करचा खाऊ!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

परवा आमच्या भागातल्या शोभेच्या माशांच्या एका दुकानात विक्रेता एका काकूंना ऑस्कर माशाचं बोटभर पिल्लू, सोबत चिमुकले गप्पी मासे आणि दीड फुटी टाकी असा ‘सेट’ खपवत होता. हा ऑस्कर वर्षभरात जवळजवळ फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. त्याला निदान चार फुटी टाकी हवी आणि सोबती सिल्व्हर डॉलरसारखे. अंगाने उंच, चपळ, घशात न जाणारे. ‘वास्तू’च्या नावाखाली विकला जाणारा फ्लॉवरहॉर्न मासा (१९९०च्या दशकात मलेशियात घडवलेला संकर, वास्तुशास्त्राशी त्याचा काय संबंध कोण जाणे) तर एकटाच बरा. काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावरही धावून जातो! आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे भांडखोर मासे, वेगळे. त्यांना कपारी आणि थोडी गर्दी दिली की मार एकाच माशावर बसत नाही. मात्र त्यांना क्षारांमुळे जड झालेलं, अल्कधर्मी पाणी लागतं, म्हणून ते अमेझॉनच्या ऑस्करसोबत नकोत.

दुकानदारांनी किमतीच्या पाटीवरच माशाची पूर्ण वाढ किती इंच, हे लिहावं.

– एक मत्स्यप्रेमी वाचक, डोंबिवली