सूचना : स्लोव्हेनियातल्या ब्लेड किल्ल्याची शनिवारची सहल

सर्व सभासदांसाठी,

ल्युब्लियानाहून ट्रेनने येणाऱ्यांनी तिकिटावर स्टेशनचं नाव नीट बघावं. लेस्त्से-ब्लेडला उतरलात तर ब्लेडचं तळं अजून चार किलोमीटरवर आहे, तिथून लोकल बस घ्यावी लागते. ब्लेड येझेरो हे स्टेशन वेगळ्या मार्गावर, तळ्याच्या पश्चिम टोकाला आहे. दरवर्षी निम्मी मंडळी एकीकडे आणि निम्मी दुसरीकडे असा घोळ होतो. बसने आलात तर थेट गावातच उतराल, आमच्या मते तेच सोपं.

जमायचं ठिकाण : सेंट मार्टिन चर्च, सकाळी साडेनऊ. तिथून झाडीतली वाट पंधरा-वीस मिनिटांत वर नेते. चढ छातीवरचा आहे, आणि पाऊस पडून गेला की ओल्या पानांखालचे दगड सपशेल निसरडे होतात. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. गुडघे दुखत असतील त्यांनी टॅक्सीने गाडीरस्त्याने यावं, यात संकोच नको.

सकाळची वेळ मुद्दाम ठेवली आहे. तळ्यातलं बेट किल्ल्यावरून नैऋत्येला दिसतं, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट कॅमेऱ्यात येतं. कडा तळ्यापासून सुमारे 130 मीटर उंच; कठड्यावर मुलांना बसवू नये.

किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख 1011 चा. वरच्या चौकातलं छोटं चॅपल चुकवू नका : तिथली भिंतीवरची खांब-कमानींची सजावट नुसती रंगवलेली आहे, जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

खाली उतरल्यावर क्रेमश्निटा (इथली कस्टर्ड-क्रीमची पेस्ट्री) खाणार असाल तर त्यात अंडं असतं, हे उपवासवाल्यांनी लक्षात घ्यावं.