गच्चीवर पत्रे घालण्याआधी

फोंडा, ता. 6 ऑक्टोबर

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय : इमारतीतील गळती व ओल, आणि गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालण्याचा प्रस्ताव

महोदय,

सप्रेम नमस्कार. येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत तिसरा विषय गच्चीवर पत्रे घालण्याचा आहे. त्यासाठी सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी) मोडायचा आणि वर प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी काढायची असे दिसते. सभेत अशा विषयावर धड बोलणे होत नाही. कुणाचा तरी आवाज चढतो, मध्येच कुणाला पार्किंग आठवते आणि ठराव मंजूर होऊन जातो. म्हणून आधीच लिहून देतो. गच्ची गळते हे खरेच आहे. पण माझ्या हिशेबाने आपल्या इमारतीत पाणी तीन वाटांनी येते आणि पत्र्यांनी त्यातली एकच बंद होईल. उरलेल्या दोन शोधल्याशिवाय सगळा पैसा वर चढवू नका, एवढेच माझे म्हणणे.

चवथीच्या आदल्या दिवशी मुलगा गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर चढला. छताच्या आकड्यात दोरी अडकवून जरा ओढ दिली, तर आकड्याभोवतीचा गिलावा ताटाएवढा सुटून खाली आला. नशिबाने चौरंग अजून मांडला नव्हता. वर पाहिले तर स्लॅबची सळी उघडी पडलेली, तांबडी आणि फुगलेली. नखाने खरवडली की कांद्यासारखे पापुद्रे सुटत होते. यंदाची माटोळी खिडकीचा गज आणि कपाटाची कडी यांच्यामध्ये बांधली. नारळ आणि सुपारीचे घोस एका बाजूला कलले होते, आणि दर्शनाला येणारा प्रत्येक जण आधी गणपतीकडे आणि मग छताकडे बघत होता.

तुम्हीही त्या दिवशी आला होता आणि गवंडी पाठवून भोक बुजवून देतो म्हणालात. आपुलकीने म्हणालात, पण तेवढ्यासाठी गवंडी नको. गंजलेले लोखंड फुगते, मूळच्या दुप्पट-तिप्पट आणि कधी त्याहूनही जास्त जागा घेते, आणि त्या रेट्याने काँक्रीट आतून फुटते. वरून सिमेंट थापले की दोन वर्षे छत गुळगुळीत दिसेल. आत सळी झिजतच राहील.

मी काजूच्या कारखान्यात 34 वर्षे हिशेब लिहिला. काजूचे पोते आम्ही कधी जमिनीवर ठेवले नाही की भिंतीला टेकवले नाही. खाली लाकडी फळ्या, आणि पोते व भिंत यांच्यात वीतभर अंतर. बाहेरून कोरडी दिसणारी भिंत पोत्याला कशी लागते ते पहिल्याच पावसाळ्यात शिकलो. त्याच सवयीने गेल्या वर्षीच्या जूनपासून घरच्या ओलीची वही ठेवली आहे: तारीख, पाऊस किती वेळ पडला, वारा कुठून होता, डाग कुठे आणि केवढा. डागाची कड पेन्सिलीने भिंतीवरच आखून शेजारी तारीख घालतो. बायको म्हणते भिंतीचा नकाशा झालाय. झाला खरा, पण त्या नकाशावरून तिन्ही वाटा वेगळ्या दिसू लागल्या.

पहिली वाट वरच्या न्हाणीघराची. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला, म्हणजे आकड्याजवळचा डाग माझ्या डोक्यावरच्या चौथ्या मजल्यावरील फ्लॅटच्या न्हाणीघराला लागून आहे. आपण सगळे त्याला पावसाची गळती समजत होतो. पण वहीत जानेवारीतही तो तसाच आहे, मार्चमध्ये तर थोडा वाढलेला आहे. मार्चमध्ये फोंड्यात कुठला पाऊस? फेब्रुवारीपासून मी खाली पितळी तपेले ठेवले आणि सकाळी तासभर थेंब मोजले. रोज 30 ते 40 पडायचे. एप्रिलमध्ये आपण गच्चीवरची टाकी धुवायला घेतली आणि दीड दिवस सगळ्या इमारतीचे पाणी बंद होते, ते आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तपेल्यात एकही थेंब नव्हता. टाकी भरून वॉल्व्ह उघडला, आणि रात्री झोपायच्या आधी टप्‌ टप्‌ पुन्हा सुरू.

आता हे पाणी पावसाचे कसे असेल? हे न्हाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाचेही नाही, कारण तो फ्लॅट तीन वर्षे बंद आहे, तिथे आंघोळ करायला कोणी नाही. भिंतीत गाडलेला नळाचा पाइप कुठेतरी फुटलेला आहे आणि टाकीचे पाणी त्यात दिवसरात्र दाबाने उभे आहे. फ्लॅटचे मालक आखातात असतात. चावी मडगावला त्यांच्या बहिणीकडे आहे, त्या सहा महिन्यांतून एकदा येतात, झाडलोट करतात आणि जातात. मी त्यांना दोनदा फोन केला. बिचाऱ्या आल्याही, न्हाणीघराची जमीन कोरडी बघून म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे तर काहीच नाही.’’ त्यांचे खोटे नव्हते. पाणी त्यांच्या फरशीवर येतच नाही, फरशीखालून माझ्याकडे येते.

जुलैत हेच पाणी विजेच्या पाइपमधून हॉलच्या दिव्यात उतरले. रात्री दोनदा ईएलसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) पडला. इलेक्ट्रिशियनने दिव्याचा काचेचा घुमट उतरवला तेव्हा त्यात दोन बोटे पाणी होते आणि एक मेलेली पाल. तेव्हापासून हॉलमध्ये टेबललॅम्प लावतो. माझ्या आधीच्या पत्राला समितीचे उत्तर म्हणून ‘दोन सभासदांमधील खासगी बाब’ असे आले होते. वाद खासगी असेल, पण गंजते ती सळी साऱ्या इमारतीची आहे. त्या मालकांना समितीच्या लेटरहेडवर पत्र गेल्याशिवाय भिंत फोडायची परवानगी मिळणार नाही. शेजाऱ्याच्या फोनला तेवढे वजन नसते. आणि तोवर निदान त्या फ्लॅटचा वॉल्व्ह गच्चीवरून बंद करा. घरात माणूस नाही, कुणाचे काही अडणार नाही.

दुसरी वाट पश्चिमेच्या भिंतीची. ही ओल फक्त वाऱ्याच्या पावसात येते. सरळ कोसळणारा पाऊस दिवसभर पडला तरी बेडरूमची भिंत ठीक असते, आणि वाऱ्याची एक सर तासभर भिंतीवर आपटली की दुसऱ्या दिवशी खिडकीखाली रंग फुगतो. आपल्या इमारतीचा सांगाडा काँक्रीटचा आणि मधली भिंत चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा पाणी पितो, आपल्या जुन्या माणसांना ते ठाऊक होते. म्हणून घराच्या छपराची वळचण हातभर बाहेर काढायचे, आणि पावसाआधी पडवीला माडाच्या चुडतांचे झाप बांधायचे. आपल्या चार मजली भिंतीला वळचण नाही, आहे ते फक्त खिडक्यांवरचे छज्जे. त्यांच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवलेलीच नाही, त्यामुळे पाणी खाली न ठिबकता छज्ज्याच्या पोटाला धरून आत भिंतीपर्यंत येते. तुळई आणि चिरे जिथे भेटतात तिथे केसाएवढी आडवी भेग सगळ्या मजल्यांवर आहे, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मागच्या रस्त्यावरून बघा, स्पष्ट दिसते. शिवाय एसीच्या ब्रॅकेटसाठी आणि केबलसाठी पाडलेली भोके. त्यातली दोन माझी आहेत, ती मी या महिन्यात सीलंट भरून बंद करतो.

चार वर्षांपूर्वी बाहेरून रंग दिला तेव्हा भेगा न खोदता त्यांच्यावरूनच ब्रश फिरवला. हे रंगाऱ्याचे काम नाही. भेग उघडून, भरून, सांध्यावर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) मारून गिलावा करावा लागतो आणि भिंत पुरती सुकल्यावरच रंग. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी पहिल्या श्रावणात त्याच्या पुऱ्या होतात.

तिसरी वाट गच्चीची. तिच्याबद्दल वरच्या मजल्यावरच्या शिक्षक दांपत्याइतके कुणी सोसले नाही हे मान्य आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात यंदा ऑगस्टभर बादली होती. मी गच्चीवर चारदा जाऊन आलो, दोनदा भर पावसात. पाणी बाहेर जायची चार तोंडे आहेत. त्यातली दोन तुंबलेली होती, एकात आंब्याची पाने, दुसऱ्यात दुधाच्या पिशव्या आणि क्रिकेटचा चेंडू. गच्ची साधारण 400 चौरस मीटरची. जुलैत एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवलाचा नाही, म्हणजे एका दिवसात 40,000 लिटर, 10,000 लिटरचे चार टँकर. ते निम्म्या तोंडांनी कसे जाणार? कठड्याच्या कडेने, जिथे गच्ची वर वळते, तिथला वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) उत्तरेच्या बाजूला सलग फुटला आहे आणि शिक्षकांचे स्वयंपाकघर बरोबर त्याच्याच खाली येते. सोलर हीटरचे पाय ठोकलेत तिथेही बोल्टभोवती भेगा आहेत.

एवढे असताना कंत्राटदाराने आधी पांढरे केमिकल दोनदा फासले, आणि आता म्हणतो एकतर नवा कोबा (गच्चीवरचा जाड थर) नाहीतर पत्रे. कोब्यावर कोबा मुळीच नको. चार इंच जाडीचा कोबा म्हणजे दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास वजन, आणि खाली सळी कशी आहे ते माझ्या हॉलमध्ये बघायला मिळते. पत्र्यांना माझा विरोध नाही, गोव्यात बऱ्याच इमारतींनी घातलेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण आडवा पाऊस पत्र्यांखालून कठड्यावर येणारच, फुटलेला वाटा तसाच पाणी पिणार. पन्हळींचे पाणी शेवटी त्याच चार तोंडांकडे जाणार. आणि नगरपालिकेच्या परवानगीचे नोटिशीत एक अक्षर नाही. आधी परवानगी, मग वर्गणी असा क्रम असावा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या कपाटामागे काळी बुरशी येते, ती तुमच्या डोक्यावर मारणार नाही. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल फूटभर कापून तिच्या चारी कडा टेपने त्या भिंतीवर चिकटवल्या आणि दोन दिवसांनी पाहिले. थेंब फॉइलच्या बाहेरच्या अंगाला होते, आतून भिंत कोरडी. म्हणजे ते पाणी खोलीतल्या दमट हवेचे. कपाट पुढे ओढले, दुपारी पंखा लावतो, कमी झाले. हीच फॉइल पश्चिमेच्या भिंतीवर लावली तर आतून ओली निघाली. तळमजल्यावरच्या काही तक्रारीही हवेच्याच असाव्यात. दहा रुपयांची फॉइल आहे, सगळ्यांनी करून बघायला हरकत नाही.

रविवारी पत्र्यांचा ठराव पुढे ढकला आणि त्याऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमायचा ठराव घ्या. केमिकल विकणारा नको, ज्याला काम मिळाले काय नि न मिळाले काय सारखेच, असा. त्याने बंद फ्लॅटसकट सगळी न्हाणीघरे बघावीत, ट्रॅपला बोळा मारून पाणी साठवून 48 तास ठेवून बघावे, पाइपला प्रेशर देऊन बघावे आणि लेखी अहवाल द्यावा. पाऊस आता परतीला लागला आहे. डाग अजून ताजे आहेत तोवर ऑक्टोबरात तपासणी झाली तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी काम करायला कोरडे दिवस मिळतील. मेमध्ये सुरू केलेले वॉटरप्रूफिंग आपण दोनदा पावसात वाहून गेलेले पाहिले आहे.

खर्च कुणाचा, यावर भांडण होणार हे गृहीत धरा. माझे भावजी मुंबईत असतात. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत गच्ची, बाहेरची भिंत आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीच्या खर्चाने, आणि संडास-न्हाणीघर-सिंक यांची आतली गळती त्या सभासदाच्या खर्चाने अशी वाटणी आहे. आपण गोवा सहकारी संस्था कायदा 2001 खाली येतो, आपले उपविधी वेगळे, पण सभेत अशी वाटणी एकदा ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवली तर दर पावसाळ्यात नवा तंटा होणार नाही. माझ्या छताची सळी साफ करून दुरुस्त करायचा खर्च त्या बंद फ्लॅटने द्यावा की सोसायटीने, हे अहवाल आल्यावर बघू. गवंड्याचे निम्मे पैसे मी आजही द्यायला तयार आहे, पण वरचा पाइप बदलल्यानंतर.

वहीच्या झेरॉक्स प्रती तीन काढल्या आहेत, एक सोबत जोडली आहे. मूळ वही घरी आहे. सभेआधी कुणाला भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा बघायच्या असतील तर शनिवारी दुपारी चारनंतर या, मी घरीच आहे.

आपला स्नेहांकित,
सभासद, तिसरा मजला

ता. क. : गच्चीवरची ती दोन तुंबलेली तोंडे मी काल काठीने मोकळी केली. चेंडू वॉचमनकडे ठेवला आहे, ज्या मुलाचा असेल त्याने न्यावा.